बंद गाडीतला पंखा

एप्रिलमधली रात्र. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं पार्किंग डोळ्यांपुढे आणावं. दिवसभर चाळिशीच्या आसपास रेंगाळलेला पारा आता कुठे उतरू लागलाय. वरच्या खिडक्यांतून कूलर घरघरताहेत. खाली खांबांमधल्या जागेत विजेवर चालणारी एक गाडी भिंतीवरच्या चार्जरला जोडून ठेवली आहे. दारं बंद, दिवे बंद, आत कोणी नाही. पावणेबाराच्या सुमारास बॉनेटखालून 'टक' असा आवाज येतो, मागोमाग बारीक गुणगुण सुरू होते आणि मिनिटभरात आतला पंखा असा घुमू लागतो, की पहिल्या मजल्यावरचं कोणीतरी खिडकीशी येऊन खाली वाकून बघतं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या मालकाला लिफ्टमध्ये हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, 'काही बिघाड झालाय का?' आणि दुसरा, जरा खोचक, 'तुमची गाडी तर बिनआवाजाची ना?'

दुसरा प्रश्न नाशिकमध्ये विचारला जावा यात एक गंमत आहे. या शहराचा कान डिझेलवर तयार झालेला आहे. त्र्यंबक रोडवरच्या 'मायको सर्कल'ला ज्या कारखान्यामुळे ते नाव पडलं, तो मायको म्हणजे आजचा बॉश. डिझेल इंजिनात इंधनाची फवारणी करणारे नोझल आणि इंजेक्टर तिथे वर्षानुवर्षं बनत आले. डिझेलची ती ओळखीची टकटक होते ती फवारलेलं इंधन एकदम पेट घेतं म्हणून. मुख्य फवारणीच्या आधी इंधनाचा एक छोटा शिडकावा केला की तो भडका सौम्य होतो आणि आवाजही. म्हणजे गाडीचा आवाज कमी करण्याची खटपट या शहराला नवी नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींचा पसारा ज्या वाहनउद्योगावर वाढला, त्यातल्या महिंद्राच्या नाशिक कारखान्यातून २००७ मध्ये लोगान बाहेर पडली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आलेली विजेवरची एक्सयूव्ही ४०० सुद्धा इथलीच. इंजिन गेलं, टकटक गेली. पंखा मात्र राहिला.

आणि तो राहण्याचं कारण पेट्रोल-डिझेलच्या सवयीने विचार केला तर चटकन लक्षात येत नाही.

जुन्या गाड्या तापायच्या कुठे? कसारा घाटात. फियाट किंवा अँबॅसिडर चढणीवर दमली, की बॉनेट उघडून, कडेला थांबून, रेडिएटरवर पाणी ओतत बसलेली कुटुंबं हे मुंबई-नाशिक रस्त्यावरचं नेहमीचं दृश्य होतं. इंजिनाची गाडी कष्ट करते ती चालताना, आणि उभी राहून इंजिन बंद केलं की नवी उष्णता तयार होणं थांबतं. विजेच्या गाडीचं गणित इथे उलटं होतं. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना तिच्या मोटारीला फार थोडी ताकद लागते आणि समोरून येणारा वारा फुकटात सगळं थंड करत असतो. तिच्या बॅटरीवर सर्वांत जास्त भार पडतो तो बहुधा गाडी उभी असताना, फास्ट चार्जरला लावल्यावर. त्या वेळी वारा नसतो. तो पंख्यालाच तयार करावा लागतो.

किती वारा, याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्रावर भागतो. तारेतून वीज वाहते तेव्हा होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिलं. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. समजा, गाडीची बॅटरी ३५० व्होल्टची आहे आणि तिचा अंतर्गत रोध एक दशांश ओहम आहे. घरी ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर तिच्यात साधारण २० अँपिअर प्रवाह जातो. २० चा वर्ग ४००, गुणिले एक दशांश, म्हणजे ४० वॅट. जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ऊब, ती अख्ख्या बॅटरीत पसरलेली. आता तीच गाडी हायवेवरच्या ५० किलोवॅटच्या चार्जरला लावली, की प्रवाह होतो १४३ अँपिअर आणि उष्णता जवळपास २,००० वॅट. प्रवाह सातपट झाला, तर उष्णता पन्नासपट. म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा एक दणकट गिझर गाडीच्या तळाशी सतत चालू ठेवल्यासारखं.

मग घरच्या चार्जिंगमध्ये पंखा का लागतो? बॅटरी तर जेमतेम ४० वॅटने तापते. इथे दोषी दुसराच आहे. घरात येणारी वीज एसी आणि बॅटरीला हवी डीसी. हा बदल गाडीच्या आतला चार्जर करतो. भिंतीवरची पेटी, म्हणजे वॉलबॉक्स, पुष्कळदा 'चार्जर' म्हणून ओळखली जाते, पण ती प्रत्यक्षात एक शहाणा स्विच असते, खरा चार्जर गाडीत बसवलेला असतो. या रूपांतरात आठ-दहा टक्के वीज उष्णता होऊन वाया जाते. ७.२ किलोवॅटवर ही घट सहाशे-सातशे वॅटच्या घरात जाते, म्हणजे कपड्यांच्या साध्या इस्त्रीच्या जवळपास. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर, ३.३ किलोवॅटच्या संथ चार्जिंगला, ती तीनशे वॅटवर येते. म्हणून त्याच गाडीचा पंखा सॉकेटवर कुजबुजतो आणि वॉलबॉक्सवर बोलतो.

ही उष्णता बाहेर काढायला बहुतेक चारचाकींमध्ये पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, म्हणजे कूलंट, फिरवलं जातं. २०२० च्या जानेवारीत आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची जाहिरात करताना बॅटरी 'लिक्विड कूल्ड' असल्याचा उल्लेख ठळकपणे होत असे. पाण्याचं सामर्थ्य असं, की एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलतं तेवढी उचलायला तेवढ्याच तापमानवाढीत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. पण कूलंटने उचललेली उष्णता शेवटी हवेतच सोडायची असते. दोन किलोवॅट उष्णता वाहून न्यायची आणि त्यात हवा दहा अंशांनीच तापू द्यायची, तर रेडिएटरमधून दर सेकंदाला सुमारे पावणेदोनशे लिटर हवा ओढावी लागते. उभ्या गाडीत, एका पंख्याने. आवाज तिथून सुरू होतो.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये यात आणखी एक अडचण उभी राहते. उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडेच जाते. लिथियम-आयन बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंशांचं तापमान मानवतं. बाहेरची हवाच चाळीस अंशांवर असेल, तर तिच्या साहाय्याने बॅटरी पस्तीसच्या खाली आणणार कशी? नुसत्या रेडिएटरने ते होत नाही. मग गाडी स्वतःचा एसी सुरू करते, पण बसणाऱ्यांसाठी नव्हे, बॅटरीसाठी. एसीचा कॉम्प्रेसर कूलंटला फ्रिजसारखा गार करतो आणि त्यातून निघालेली उष्णता नाकाजवळच्या कंडेन्सरवर येते. तिथे पुन्हा तोच पंखा, आता पूर्ण वेगाने. बंद गाडीखाली पाण्याचे थेंब पडलेले दिसतात तेही याच खटाटोपातले असू शकतात, थंड झालेल्या नळ्यांवर जमलेलं दव.

हा सगळा उपद्व्याप टाळता येत नाही का? नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यासमोर हा प्रश्न ठेवला, तर तो त्याला ओळखीचा वाटेल. कारण माल थंड कसा ठेवायचा याची दोन टोकाची उत्तरं त्याच्या गावातच उभी असतात.

पहिलं उत्तर म्हणजे कांदा चाळ. लासलगाव, निफाड, चांदवड, येवल्याकडे उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये निघतो आणि भावाची वाट बघत पावसाळाभर चाळीत राहतो. चाळ जमिनीपासून उचललेली, भिंती फटींच्या, छप्पर पुढे आलेलं. पंखा नाही, वीज नाही, वारा आरपार जातो एवढंच. पण चाळ रुंद करून चालत नाही आणि थर फार उंच रचून चालत नाही, कारण मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचला नाही की तिथे ऊब धरते आणि सड तिथूनच सुरू होते.

दुसरं उत्तर पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. निर्यातीची द्राक्षं वेलीवरून उतरली, की त्यांच्या अंगातली शेतातली ऊब काही तासांत काढून टाकावी लागते. त्याला सगळे 'प्री-कूलिंग' म्हणतात. मोठे पंखे गार हवा पेट्यांमधून जबरदस्तीने ओढतात, मणी चार अंशांच्या आसपास आले की माल शीतगृहात जातो. त्या खोलीत दोन माणसांना ओरडून बोलावं लागतं. पण त्याच आवाजाच्या जोरावर नाशिकचं द्राक्ष समुद्रमार्गे युरोपात टवटवीत पोचतं.

मोटार कंपन्यांनीही ही दोन्ही उत्तरं करून पाहिली. डिसेंबर २०१० मध्ये आलेली निसान लीफ ही जगातली पहिली मोठ्या खपाची विजेची गाडी. तिची बॅटरी हवाबंद पेटीत, तिला ना कूलंट ना पंखा. कांदा चाळीचंच तत्त्व, त्यातही फटी नसलेल्या चाळीचं. थंड देशांत ते बरं चाललं. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, फीनिक्सच्या वाळवंटी उन्हाळ्यात, ते उघडं पडलं. २०१२ मध्ये तिथले मालक तक्रार करू लागले, की दोन वर्षांच्या आतच गाडीची धाव घटत चालली आहे. अखेर कंपनीने बॅटरीच्या क्षमतेची स्वतंत्र हमी जाहीर केली. पुढे २०१८ च्या सुमारास नव्या, मोठ्या बॅटरीच्या लीफबद्दल दुसरी तक्रार आली. लांबच्या प्रवासात पहिलं फास्ट चार्जिंग झालं, की तापलेली बॅटरी दुसऱ्या वेळी स्वतःला वाचवण्यासाठी वीज संथपणे घ्यायची. गाडी शांत होती, पण शेजारची गाडी भरून निघून जायची आणि ही तिथेच.

तापमानाचा बॅटरीवर होणारा परिणाम मोजायला रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. दहा अंश वाढले, की रासायनिक क्रिया साधारण दुपटीने वेगवान होतात, नको असलेल्याही. बॅटरीच्या आत हळूहळू होणारी झीज त्यांतच येते. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीवर कंपनीने आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली, तेव्हा त्या आकड्यांमागे कूलंट आणि पंख्याची बेरीज होती.

आता तो आवाज नेमका असतो कसा? पंख्याच्या आवाजात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे हवा फाटल्याचा 'सूं' असा पसरट नाद. दुसरा त्यातून वर येणारा सूर. तो पात्यांवरून काढता येतो. पंख्याला सात पाती आहेत आणि तो मिनिटाला २,४०० फेरे घेतो असं धरलं, तर सेकंदाला ४० फेरे, गुणिले सात, म्हणजे २८० वेळा कोणतं ना कोणतं पातं एकाच जागेवरून जातं. २८० हर्ट्झचा हा सूर हार्मोनियमवर शोधला, तर काळी एकच्या अगदी जवळ सापडतो. कानाला पसरट नादापेक्षा असा एकसुरी आवाज जास्त टोचतो. म्हणून अनेक गाड्यांच्या पंख्यांत पात्यांमधली अंतरं मुद्दाम असमान ठेवतात. सूर एका जागी गोळा न होता विस्कटतो आणि सोसवतो.

खरी किल्ली मात्र वेगात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने खाली येतो आणि लागणारी वीज आठव्या हिश्शावर. दहा डेसिबलची घट कानाला 'अर्धा झाला' अशी जाणवते, त्यावरून पंधराचा अंदाज यावा. जुन्या गाड्यांत पंखा चालू किंवा बंद, फार तर दोन वेगांचा. नव्या गाड्यांत त्याचा वेग हळूहळू वाढवता येतो, त्यामुळे लवकर सुरू होऊन धीम्या गतीने बराच वेळ चालणं त्याला जमतं.

आवाजाचा उरलेला भाग गाडीत नसतो, पार्किंगमध्ये असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं, की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खांबांवरच्या इमारतीखाली तसं होत नाही. वर स्लॅब, खाली फरशी, तीन बाजूंना भिंती, सगळ्या कठीण. आवाज तिथे टप्पे खात फिरतो आणि जिन्यातून वर चढतो. गाडीचं नाक भिंतीला टेकवून लावलं असेल, तर दुहेरी घोटाळा. भिंत आवाज परत फेकतेच, शिवाय पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते, आणि पंखा अधिक जोराने फिरू लागतो. धुळीपासून वाचवायला गाडीवर कापडी कव्हर घालून चार्जिंगला लावण्याची सवय यातच मोडते. पांघरूण घेऊन धावायला सांगितल्यासारखं ते होतं.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही परिसराच्या सरासरी आवाजाची मर्यादा आहे. खिडकीतला डेझर्ट कूलर शेजाऱ्याच्या दृष्टीने काही शांत म्हणवत नाही, तरी कूलरच्या आवाजात नाशिककर निवांत झोपतात. फरक सवयीचा आणि मालकीचा. कूलरचा आवाज सुरू झाला की अंगाला गारवा लागतो, गाडीच्या पंख्याचा गारवा दुसऱ्याच्या बॅटरीला. शिवाय कूलर रात्रभर एका लयीत चालतो, गाडीचा पंखा मध्येच उठतो, मध्येच थांबतो, आणि झोप मोडते ती अशा बदलांनी.

रस्त्यावर मात्र तक्रार नेमकी उलटी आहे. विजेची गाडी हळू चालताना पायी जाणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीनांना, ऐकूच येत नाही. म्हणून युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या विजेच्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करणं सक्तीचं झालं. एकाच गाडीला फाटकाबाहेर कायद्याने आवाज करायला लावायचं आणि फाटकाच्या आत शेजाऱ्यांनी गप्प करायचं, असा हा मामला.

मुंबईहून येणाऱ्यांच्या वाट्याला याहून मोठा घोंघाट येतो. १७० किलोमीटरचा रस्ता, मेमधली दुपार, आत एसी आणि मध्ये कसारा घाट. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. दीड टनाची गाडी तेवढी उचलायलाच सुमारे अडीच युनिट वीज लागते, वेगासाठी लागते ती वेगळीच. अशी दमून आलेली, आतून तापलेली गाडी नाशिकजवळच्या फास्ट चार्जरला लावली, की पंखा लगेच टिपेला जातो. पण तिथे कान देऊन ऐकलं, तर बराचसा आवाज गाडीचा नसतोच. फास्ट चार्जिंगमध्ये एसीची डीसी करण्याचं काम रस्त्याकडेच्या कपाटात होतं. त्याची उष्णता काढायला त्या कपाटात पंख्यांची ओळच बसवलेली असते. शेजारी उभं राहिलं, की गाडीपेक्षा कपाटच जास्त गर्जतं आणि नाव गाडीचं होतं.

आवाज कमी करायचे उपाय साधे आहेत. लांबून आल्यावर घरी गाडी लगेच चार्जिंगला न लावता तास-दोन तास निवू द्यावी. चार्जिंगची वेळ ठरवण्याची सोय असेल, तर पहाटे तीन-चारची लावावी, हवा तेव्हा सर्वांत गार असते. सकाळपर्यंत पुष्कळ वेळ हातात असेल, तर प्रवाहाची मर्यादा खाली आणावी, अनेक गाड्यांत किंवा वॉलबॉक्समध्ये ती सोय असते. नाकासमोर हात-दीड हात जागा सोडावी. दिवसा घरी असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट उघडली आहे. जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत देते. भर दुपारी पंख्याला काम जास्त पडेल हे खरं, पण त्या वेळी कॉलेज रोडच्या रहदारीत तो ऐकणार कोण?

आणि बिघाडाचा प्रश्न? एकसारखी घुमघुम, मध्येच होणारी 'टक' आणि पंपाची गुणगुण हे सगळं ठीक. केबल काढल्यावरही पंखा काही मिनिटं चालू राहिला तरी ठीक, आतली ऊब तो बाहेर काढत असतो. खरखर, धातू घासल्यासारखा आवाज किंवा पात्यांना काहीतरी लागून येणारी टकटक मात्र वेगळी. बेअरिंग गेलेलं असतं किंवा जाळीतून पान, प्लास्टिकचा तुकडा आत शिरलेला असतो. गार हवेत, संथ चार्जिंगवरही पंखा जोरात फिरत राहिला, तर कूलंट कमी झालं आहे किंवा रेडिएटर धुळीने बुजला आहे अशी शंका घ्यावी आणि गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी. स्वतः बॉनेट उघडून पंख्यात बोट घालू नये. गाडी बंद दिसत असली, तरी तो विचारून सुरू होत नाही.

वर्षातले काही आठवडे मात्र हा विषय निघतच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या येतात, कधी पाच-सहा अंशांवर, कधी त्याहून खाली. अशा पहाटे चार्जिंगला लावलेल्या गाडीची अडचण उलट्या बाजूची असते. फार गारठलेल्या बॅटरीत जोराने वीज भरली, तर लिथियम जिथे मुरायला हवं तिथे न मुरता धातूच्या थरासारखं पृष्ठभागावर साचू लागतं. म्हणून गाडी वीज बेताने घेते, आणि ज्या गाड्यांत सोय आहे त्या आधी कूलंट कोमट करून बॅटरीभोवती फिरवतात. पंखा गप्प असतो, फक्त पंपाची बारीक गुणगुण, तीही जवळ गेलं तरच कळणारी. त्याच वेळी पलीकडच्या द्राक्षबागांत मणी तडकू नयेत म्हणून ओळींमधून शेकोट्या पेटवलेल्या असतात, आणि ऐकू येतो तो ओल्या काटक्यांचा तडतडाट.